फोर्कलिफ्टवरची मार्लिस

आर्लेन रुग्णालयाच्या आवारात गाडी लावत होता, तेवढ्यात मेहुणीचा फोन आला. जॉयस रडत होती.

"आर्लेन, मार्लिस गेली हे खरं का रे?"

"कोण म्हणालं? ऑफिसात चक्कर आली, एवढंच मला सांगितलंय. मी आत्ता पोचतोय."

"डेरेकनं टाकलंय. सगळ्यांनी वाचलं."

आर्लेनची बायको मार्लिस डेरेक लिंडालच्या ऑफिसात कामाला होती. डुलुथमधला दारं-खिडक्यांचा कारखाना त्याच्या बापानं उभारला. यानं स्वतःचं नाव उभारायला घेतलं. लिंक्डइनवर त्याचे उपदेश वाचायला गर्दी जमायची. त्या दिवशीचा मथळा होता : 'आज मी मार्लिसला गमावलं. तिनं मला नेतृत्वाबद्दल शिकवलेल्या तीन गोष्टी.' खाली फोटो. त्यात डेरेक एकटाच, तळ्याकडे बघत उभा.

डॉक्टरांनी आर्लेनला बाजूला बसवून हळुवारपणे जे सांगितलं, ते अर्ध्या गावाला आधीच ठाऊक होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ असतात. पण नवऱ्याला मढं दिसायच्या आत?

गंमत अशी की एरवी डेरेकचा शब्द न् शब्द मार्लिसचा असायचा. पहाटे बर्फात धावणारा, कामगारांच्या पंगतीला बसणारा, चुकांतून शिकणारा डेरेक तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून घडवला होता. खरा डेरेक नऊला उठायचा. लिहून झालं की ती वाचून दाखवायची. आर्लेन बटाटे सोलत ऐकायचा.

"पटतं का?"

"माणूस पटतो. डेरेक आहे हे पटत नाही."

"मग जमलंय," ती म्हणायची.

त्या तीन गोष्टी मात्र डेरेकनं स्वतः लिहिल्या असाव्यात. तशाच होत्या.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आर्लेन, मित्रा, काय बोलू!"

"ते काढून टाक."

"काढू? अरे, लोक वाचून रडतायत. इतका प्रतिसाद मला आजवर कधी मिळाला नाही. बरं ऐक, चर्चमध्ये मी बोलतो. मी तिचं देणं लागतो."

आर्लेनला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण पाद्रीबाईंनी दुपारीच विचारलं होतं, तू बोलशील का? आपल्याला जमणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं होतं. मार्लिसबद्दल कोणीतरी एक खरं वाक्य बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. इतकी वर्षं ती या माणसाच्या शेजारच्या खोलीत बसली. एक तरी वाक्य त्याच्याकडे असेल. तो म्हणाला, "बोल."

अंत्यविधीला डेरेक आला तो फोटोग्राफर घेऊनच. शवपेटीशेजारी उभा राहून त्यानं वाचायला सुरुवात केली. "ती सगळ्यांच्या आधी यायची. हातमोजे हीटरवर ठेवून दुसऱ्यांसाठी गरम करायची..."

दुसऱ्याच वाक्याला आर्लेनच्या लक्षात आलं. हा तर स्टॅन! गोदामात फोर्कलिफ्टच्या गाडीनं माल उचलणारा स्टॅन वारला, तेव्हा मार्लिसनं दहा जणांना विचारून हे डेरेकसाठी लिहिलं होतं. डेरेकनं फक्त नाव बदललं होतं.

"...आणि तिच्या फोर्कलिफ्टचा भोंगा मला अजून ऐकू येतो."

मग मागच्या बाकावरून गोदामातल्या रूडीचा आवाज आला.

"मार्लिसला फोर्कलिफ्ट कोणी दिली रे? ती तर तिची साधी गाडी दर हिवाळ्यात माझ्या गाडीवर ठोकायची, आणि वर मलाच केक आणून द्यायची!"

लोक हसले. आर्लेनही हसला, आणि मग त्याला रडू आलं.

डेरेकच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "ती प्रतिमा आहे, रूडी. तिनं आपल्या सगळ्यांना वर उचललं."

नंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि कॉफी घेताना चार जणांनी आर्लेनला सांगितलं की डेरेक छानच बोलला. दुसऱ्या दिवशी नवा मथळा आला : 'खरे नेते उचलतात.' फोटोत पेटीवर ठेवलेला डेरेकचा हात.

थडग्याचा दगड कोरणाऱ्यानं विचारलंय, नावाखाली ओळ कोणती घालू? आर्लेन बटाटे सोलता सोलता एकेक ओळ मोठ्यानं म्हणून बघतो. "पटतं का?" असं विचारायला समोर कोणी नसतं. रूडीचं वाक्य सगळ्यांत खरं होतं, पण ते दगडावर कसं घालणार?

नाव कोरून झालंय. तारखाही झाल्यात. ओळ अजून द्यायची राहिली आहे.