मेहुण्याचं आळशी एन्झाइम

औषधं शोधणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म कुठल्या ना कुठल्या एन्झाइमला आळा घालण्यात जातो. ते त्यातल्या त्यात सोपं. चालत्या यंत्रात खडा टाकला की झालं. मंदावलेलं एन्झाइम पुन्हा कामाला लावायचं म्हणजे मात्र तोंडाला फेस येतो. माझ्या बायकोने नेमकं तेच अंगावर घेतलं, कारण तिच्या धाकट्या भावाच्या रक्तपेशींतलं एक एन्झाइम जन्मापासून आळशी आहे. पेशी लवकर मरतात आणि साहेब एक जिना चढले की भिंतीला टेकतात.

रेणू बनवायचे मी, तपासायचे तिने. या वेळचा रेणू चांगल्या एन्झाइमवर घातला तर ढिम्म. मी वैतागून तो फेकायला निघालो. ती म्हणाली, जे धडधाकट आहे त्याला हाताला धरून कशाला चालवायचं? आणि तिने तो मेहुण्याच्या रक्तातून काढलेल्या एन्झाइमवर घातला. पडद्यावरची एन्झाइमच्या कामाची रेघ चढत गेली. रेणूच आपल्याला बनवत नाही ना, म्हणून एन्झाइमशिवाय नुसता तोही तपासला. रेघ आडवीच राहिली, म्हणजे काम खरंच एन्झाइम करत होतं. एरवी सगळ्यांवर खेकसणारा मी, खुर्चीत बसून रडलो.

घरी येताना मात्र तिचा चेहरा उतरला. काचेच्या नळीतून गोळीपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लागतात, आणि बहुतेक रेणू वाटेतच मान टाकतात. हे भावाला सांगणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने मला पुढे केलं.

मेहुणा टीव्ही पाहत होता. चांगली बातमी मी भडाभडा सांगितली आणि पुढे माझी गाडी अडली. तोच हसला.

"दाजी, हे औषध माझ्या वेळेला यायचं नाही, ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. ताईला एवढंच सांगा, मी खूप खूश झालो, आणि औषध कधी येणार ते विचारलंच नाही."

स्वयंपाकघरात जाऊन मी अक्षरशः तसंच सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"विचारलं नाही?"

"नाही."

"लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला 'कधी, कधी' करून माझं डोकं खाणारा तो," ती म्हणाली. "म्हणजे त्याला कळलंय."

मग ती बाहेर गेली. त्याने पाय आवरून तिला शेजारी जागा करून दिली.