लख्ख घासलेली कड

चाचणीवाल्या बाईंच्या हाताला एक शिस्त होती आणि तिचा त्यांना भारी तोरा. विमानातल्या यंत्रांना बाहेरच्या रडारच्या लहरींपासून वाचवणारं धातूचं झाकण चाचणीला आलं, की आधी त्या त्याची कड पॉलिशपेपरने लख्ख घासायच्या. धातूला धातू नीट टेकला नाही तर फटीतून लहरी आत शिरतात, यंत्रं भंजाळतात, हे त्या येईल त्याला ऐकवायच्या. त्यांच्या हातून एकही झाकण नापास झालं नव्हतं. दुसऱ्या कुणाला याची शंका आली असती.

त्या दिवशी सकाळी नऊला हँगरमधला फिटर पास झालेली झाकणं न्यायला आला आणि चकाकती कड बघून हसला.

"कशाला एवढं घासता, बाई? आम्ही रंग मारूनच बसवतो. नाहीतर कड गंजते."

"कडेलासुद्धा रंग?"

"कडेलाच तर आधी."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांचा धाकटा भाऊ वैमानिक. असलंच झाकण बसवलेलं विमान घेऊन तो दहाला निघणार होता, आणि वाट मोठ्या रडारला लागूनच होती.

फिटरच्या गाडीत रंगवलेलं एक झाकण होतं. ते त्यांनी न घासता भिंतीतल्या चौकटीत बसवलं, पलीकडून लहरी सोडल्या. झाकणाने लहरी किती रोखल्या ते सांगणारा, रोज नव्वद दाखवणारा आकडा एकवीसवर अडला. बोल्टच ढिले असतील, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी सगळे बोल्ट सोडले, पुन्हा एकेक करून आवळले. एकवीसच. पावणेदहाला त्यांनी हँगरला फोन लावला.

"विमान सोडू नका. चाचणी चुकलीय. माझीच चूक आहे."

दहा वाजून पाच मिनिटांनी भावाचा फोन आला, आणि त्याचा आवाज ऐकूनच बाईंना रडू फुटलं.

"ताई, रडू नकोस. मी जमिनीवरच आहे."

"देवासारखा फोन केलास रे."

त्याने आवाज खाली आणला.

"माझ्या आधीचं विमान साडेनऊला त्याच वाटेने गेलं, ताई. त्यालाही तुमच्याकडचंच झाकण. रेडिओवर हाका मारतायत, उत्तर येत नाहीये."

साडेनऊला बाई बोल्ट आवळत होत्या.