नमुन्याची टाच

मी डावा बूट बोलतोय. उजवा कुठे, असं विचारू नका. सरकारी नमुन्याला एका पायावरच उभं राहावं लागतं. ठेकेदार सैन्याला जे बूट पुरवतो, ते माझ्याशी ताडून पाहतात. माझ्यासारखे निघाले तर पास, नाहीतर परत.

माझा जन्म त्या ठेकेदाराच्याच कारखान्यातला. पुढच्या तळव्याला कारागिराने चामड्याचे तीन थर घातले. टाचेशी आल्यावर मात्र एकच थर लावून आत पुठ्ठा सरकवला.

"मुकादम, हा भिजला म्हणजे?"

"तुझा पाय आहे का त्यात? शिव गुमान."

पुढे तपासणी खात्यातले तपासनीस, अण्णा, यांनी मला हातात घेतलं. टाके मोजले, मापं घेतली, लाखेची मोहर लावून सही ठोकली. सरळ माणूस. तेव्हापासून अकरा वर्षं मी काचेच्या कपाटात आहे. धूळ अण्णा स्वतः पुसतात. शिपायालाही हात लावू देत नाहीत.

छावण्यांतून तक्रारी येत. ओल्यात टाच खचते, पाय मुरगळतो, जवान रांगेतून मागे पडतो. अण्णा उत्तर लिहीत, "पुरवठा नमुन्याबरहुकूम आहे." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याचीच मला धास्ती वाटे.

यंदा चामडं महागलं म्हणून ठेकेदाराने दर वाढवून मागितला. आज सकाळी खर्चाची छाननी करणाऱ्या बाई येऊन बसल्या.

"हिशेबात टाचेपर्यंत तीन थर धरलेत. मला थर दाखवा."

"बाई, नमुना आहे तो. कापला तर ताडायचं कशाशी?"

"अहो अण्णा, कलिंगडवालासुद्धा कापून दाखवतो."

ठेकेदाराचा माणूस लगबगीने पुढे झाला. "कापा की. पुढून कापा अण्णा, तिथे सुरी सहज चालते."

अण्णांनी मोहर फोडली आणि सुरी माझ्या पुढच्या टोकाला टेकवली. तिथे तीन थर आहेत. ते दिसले की दर मंजूर होईल, नऊ दिवसांनी अण्णा सुखाने निवृत्त होतील आणि पुढचे लाखभर जोड माझ्यासारखेच निघतील.

सुरी थांबली. "टाचेकडे का नाही चालत?" अण्णांनी विचारलं.

त्या माणसाने रुमालाने मान पुसली.

अण्णांनी मला उलटं फिरवलं.

"अण्णा, नमुन्यावर सही तुमची आहे," तो हळूच म्हणाला.

"हो ना. म्हणून तर."

आता सुरी टाचेला लागली आहे. अण्णा, मला भीती वाटते. माझ्यासाठी कमी, तुमच्यासाठी जास्त. आत काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि मला वाटतं, आता तुम्हालाही. अकरा वर्षं तुम्ही मला लेकरासारखं जपलंत. आता जपू नका. दाबा.