वासरू घरी जातं

"अगं, गाय अशी फतकल मारून बसते का? ऊठ, शेपूट चुरगळेल!"

बाई ओरडल्या तशी जुन्या मोज्याची शेपूट सावरत गाय उठली आणि थेट कोंबड्यांवर जाऊन आदळली. दोन कोंबड्यांनी भोकाड पसरलं. बदकाने तर सकाळपासून एकच धोशा लावला होता, मला वाघ व्हायचंय.

"शेतात वाघ नसतो रे राजा."

"येतो कधीकधी," बदक म्हणालं.

बाईंनी त्याची कागदी चोच सरळ केली.

बालवर्गाचं 'आमचं शेत' आज पालकांपुढे होणार होतं. पुठ्ठ्याची झाडं, निळ्या चादरीचं तळं, पुठ्ठ्याचंच फाटक. बाईंनी आजवर अशी कितीतरी शेतं उभी केली होती. शेवटचा प्रसंग त्यांच्या खास आवडीचा. संध्याकाळ होते, बाई फाटक उघडतात, आणि सगळी जनावरं धावत जाऊन समोर बसलेल्या आपापल्या माणसांच्या कुशीत शिरतात. आया डोळे पुसतात. बाई मात्र फाटक धरून उभ्या राहतात. त्यांना मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, मग एक दिवस नवरा म्हणाला, "पुरे आता, तुझे हाल बघवत नाहीत." तेव्हापासून घरात तो विषय निघाला नाही. मनातून मात्र तो कधीच गेला नाही.

यंदा एक वासरू होतं. त्याला सगळे ठकी म्हणत. ठकीची आई गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली. बाप ट्रक चालवायचा. त्याला उशीर झाला की शाळा सुटल्यावर ठकी बाईंपाशी थांबायची. बाई तिची विस्कटलेली वेणी पुन्हा घालायच्या, नाक पुसायच्या, डब्यात उरलेलं भरवायच्या. आपण तिच्या बाई आहोत, आई नव्हे, असं स्वतःला बजावायच्या. पण मन थोडंच ऐकतं!

मागच्या आठवड्यात बाप वर्गाच्या दाराशी अवघडून उभा राहिला होता. "बाई, त्या दिवशी माल घेऊन लांब जायचंय. मला काही जमेलसं वाटत नाही. पोर हिरमुसेल हो."

"तुम्ही निवांत जा. वासरू माझ्याकडे येईल. मी आहे ना!"

तो गेला आणि बाईंना चक्क आनंद झाला. मग स्वतःचीच लाज वाटली. तरी आनंद काही जाईना. आज सकाळी तर त्यांनी गळ्यातली खड्यांची माळ काढून ठेवली, पोरीच्या गालाला टोचायला नको म्हणून.

"माळ नाही आज?" नवऱ्याने विचारलं. "नाटकात गाय तूच आहेस की काय?"

"नसती चेष्टा नको," म्हणत बाई हसत घराबाहेर पडल्या होत्या.

तालमीच्या वेळी पालक नसायचे. मग बाईच समोर खुर्चीवर बसून "चला, घरी या!" अशी हाक मारायच्या, आणि अख्खं शेत त्यांच्या अंगावर येऊन पडायचं. "नाटकाच्या दिवशी आपापल्या माणसांकडे जायचं हं," असं त्या रोज सांगायच्या. मुलंही रोज "होऽऽ" म्हणायची.

नाटक सुरू झालं. गाय हंबरायची विसरली, बदकाने डरकाळी फोडली, पालक पोट धरून हसले. बाईंचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

"कुणाची वाट बघताय, बाई?" मदतनीस मावशींनी हळूच विचारलं.

"कुणाची नाही, मावशी."

कुणी येऊ नये म्हणून आपण दाराकडे बघतोय, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मावशींनी दिवे मंद केले. फाटक उघडून बाई ठकीच्या बाबांसाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि त्यांनी हात पसरले. "चला, घरी या!"

आधी गाय आली. मग कोंबड्या, मेंढ्या, बदक. समोर आईबाप हात पसरून बसलेले, आणि सगळी जनावरं सवयीप्रमाणे बाईंच्या अंगावर!

"अरे गाढवा, तुझी आई इकडे आहे!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. बाई त्या ढिगाऱ्यातून मान वर काढून वासरू शोधत होत्या.

वासरू मधेच थांबलं होतं. त्याने बाईंकडे पाहिलं, एक पाऊल टाकलं.

"ठके!"

दारात बाप उभा होता, धापा टाकत, शर्टावर ऑइलचे डाग. ठकी गर्रकन वळली. धावताना तिचे कागदी कान गळून पडले.

"बाबा, मी वासरू आहे!"

"ओळखलं गं, ओळखलं." तो तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने तिला पोटाशी धरलं. मग म्हणाला, "बाई, गाडी दुसऱ्याच्या हाती दिली अन् आलो बघा!"

बाईंनी पसरलेले हात खाली घेतले. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. त्याच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणवलंच नसतं.

मग त्या एकेकाला उचलून ज्याच्या त्याच्या हवाली करू लागल्या. "ही घ्या तुमची गाय. ही तुमची कोंबडी." माणसं हसत होती, बाईही हसत होत्या. शेवटचं मेंढरू आपल्या आजोबांकडे गेलं आणि मांडी रिकामी झाली. पोरांनी लोळून बाईंचे सगळे कपडे चुरगळले होते. बाईंनी ते सारखे केले नाहीत, त्यांवर नुसता हात ठेवून त्या बसून राहिल्या.