आईच्या वाटचा पाक

लोणावळ्यातल्या चिक्कीच्या कारखान्यात पाक झाला की नाही, हे माझी आई सांगते. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा आणि गार झाला की दातांनी तोडायचा. कट्‌कन तुटला, तर कढईत शेंगदाणे घालायचे.

पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि रक्तातली साखर उतरल्याशिवाय डॉक्टर ते करणार नाहीत. म्हणून भात बंद, गोड बंद, भाकरी अर्धी. घरातली हवालदार मी! वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणालाच घाबरत नाही, आईला तर नाहीच.

तरी साखर चढलीच. शाळा सुटल्यावर मी थेट कारखान्यात गेले. आई कोपऱ्यात बसून चिक्कीचा चुरा बकाबका खात होती.

"आई! फक्त थेंब चाखायचा ठरलं होतं ना?"

"वरडू नगंस, स्नेहल." तिनं तोंड पुसलं. "भूक न्हाई गं ही. डोळ्यात सुई घालत्यात म्हनं. त्ये आठवलं की हात आपसूक जातो. चावत बसलं की लय भ्या वाटत न्हाई."

माझं तयार भाषण सोडून मी तिच्या शेजारी बसले.

"रेणुका, पाक बघ गं!" भट्टीवरून हाक आली.

आई उठली, तिनं थेंब पाण्यात टाकला. पाण्यातला थेंब मात्र मी उचलला आणि माझ्या दातांनी तोडला. कट्‌कन आवाज आला.

"झालाय," मी ओरडले.

आईचा रिकामा हात पुन्हा चुऱ्याच्या ताटाकडे निघाला. मी तो धरला. सोडला नाही.