युरोपचे सासरेबुवा

हाउन्सलोच्या मधुमती रणदिवे गेली दोन वर्षं विंडसरजवळच्या एका लॉर्डाच्या जुन्या बंगल्यात, तो बघायला येणाऱ्या पाहुण्यांचे कोट सांभाळत होत्या. पगार नव्हता. पण निवृत्तीनंतर घरी बसून नवऱ्याला सांभाळण्यापेक्षा कोट बरे, ते उलट उत्तर देत नाहीत, असं त्यांचं मत होतं. डोळा मात्र वरच्या फोटोच्या खोलीवर होता. तिथले गाइड कॉर्नवॉलला राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. आज परीक्षा होती. डेन्मार्कच्या राजघराण्याच्या फोटोसमोर दहा मिनिटं बोलायचं, आणि व्यवस्थापिका फिलिपा ऐकणार. जमलं नाही तर पुन्हा कोट, आणि तेही कायमचे.

बसमध्ये नवऱ्यानं, विनयरावांनी, उजळणी घेतली. आजच्या दिवस कोटांची बदली ड्यूटी त्यांच्याकडे होती.

"राणी अलेक्झांड्राचे वडील कोण?"

"ख्रिश्चन."

"कितवा?"

"अहो, एक ख्रिश्चन, एक फ्रेडरिक, पुन्हा ख्रिश्चन, पुन्हा फ्रेडरिक! चारपाचशे वर्षं हेच. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण आजोबांना नंबर लावतो का आपण?"

"नववा. माहेरची एकशे चाळीस माणसं तोंडपाठ आहेत तुला, इथंच काय अडकतेस?"

"माहेरच्यांना आकडे नसतात."

सगळे आकडे कार्डांवर लिहून मधुमतीबाईंनी आपल्या कोटाच्या खिशात ठेवले होते. पोचल्यावर रीतसर कोट विनयरावांकडे दिला, टोकन घेतलं आणि त्या वर गेल्या. अकरा माणसं समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की डेन्मार्क खाली खुंटीला टांगलेला आहे.

फिलिपाने घड्याळात पाहिलं. मधुमतीबाईंनी फोटोकडे पाहिलं. मध्ये म्हातारं जोडपं, भोवती लेकी, जावई, नातवंडं, आणि कडेला एकजण रुसलेला. अरेच्चा, हा तर लग्नाचा अल्बम!

"हे सासरेबुवा," त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. "घरची परिस्थिती बेताची. मुली स्वतःचे कपडे स्वतः शिवायच्या. पण स्थळं बघा कशी काढली! थोरली दिली इंग्लंडला, मधली रशियाला. दुसऱ्या मुलाला ग्रीसवाल्यांनी राजा करून नेला, वय वर्षं सतरा. सासरेबुवांना स्वतःची गादी मिळाली त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे मुलगा बापाच्या आधी नोकरीला लागला."

काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी दोन दाढीवाल्यांकडे बोट दाखवलं. "हे जुळे का?"

"छे, मावसभाऊ. एक पुढे इंग्लंडचा राजा झाला, एक रशियाचा झार. तुम्ही सगळ्यांना कझिन म्हणून एकाच गोणीत भरता, तिथं घोटाळा होतो. माझा मावसभाऊ इतका माझ्या भावासारखा दिसायचा, की मास्तर भावाच्या वाटच्या छड्या त्यालाच मारायचे."

"आणि जर्मनीचा कैसर कुठाय?"

"तो इंग्लंडच्या राजाचा आतेभाऊ. डेन्मार्क त्याचं आजोळ नव्हे, म्हणून सुट्टीच्या फोटोत नाही. त्याच्या मनाला ते किती लागलं, इतिहासकारांना विचारा. मी एवढंच सांगते, आमच्याकडे एका आतेभावाला मुंजीचं बोलावणं उशिरा गेलं, तर अकरा वर्षं अबोला होता."

आजोबा खुर्ची ओढून बसले. बाकीचेही हलेनात.

"छत्तीस मिनिटं झाली," शेवटी फिलिपा म्हणाली. "एकाही राजाचा नंबर सांगितला नाहीत. आणि तिसरी मुलगी गाळलीत."

"थायरा? मुद्दामच गाळली. हा कडेला रुसलाय ना, तो तिचा नवरा. त्याचं राज्य लग्नाआधीच प्रशियानं गिळलं होतं. अशा जावयाबद्दल 'घराणं चांगलं आहे' म्हणायचं आणि पुढं जायचं."

"माझी धाकटी बहीण अशाच घराण्यात आहे," फिलिपा म्हणाली आणि तिनं खिशातून गाइडचा बिल्ला काढला. "शनिवारपासून. पण वीस मिनिटांत."

"वीस मिनिटांत फक्त मुलीकडचे होतील," मधुमतीबाई म्हणाल्या आणि बिल्ला लावूनच खाली आल्या.

"शनिवारपासून हे कोट तुमचे," त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

विनयरावांनी बिल्ला पाहिला, मान डोलावली आणि हात पुढे केला. "टोकन?"

टोकन वरच कुठंतरी पडलं होतं.

"नंबर किती होता?"

"मला विचारताय? तो बघा, त्या जाड्या हिरव्या कोटाच्या शेजारी, थोरल्या जावेसारखा पाठ फिरवून उभा आहे तो."

विनयरावांनी कोट काढून दिला आणि खुंटीवरचा आकडा वाचला.

"नववा," ते म्हणाले.