शिळ्या पाण्याचा पहिला पेला

मित्रांनो, पोटाला पितळी तोटी बसवलेली मी एक जुनी तांब्याची घागर. हुबळीच्या नवनगरात दुर्गव्वाच्या घरी राहते. स्वभावाने मी जळकी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या गोष्टीत जे वाईट घडलं, ते मी जाणूनबुजून केलं नाही. पण ते घडत असताना मी मनातून हसत होते, हे लपवून कसं चालेल?

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. दुर्गव्वाचे वडील सत्याप्पा अळणावरकडच्या एका खेड्यात राहायचे आणि लाकडाच्या वखारीत ओझी उचलायचे. त्या काळी गावच्या विहिरीला त्यांना शिवू देत नसत. ओंजळ पुढे धरायची आणि वरून कुणी ओतील तेवढं प्यायचं. लेकीच्या लग्नात त्यांनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाळ, हिच्यातलं पाणी तुझं. आता कुणी वरून ओतायला नको."

हे शब्द मी एखाद्या दागिन्यासारखे मिरवले.

हुबळीला आल्यावर माझा मान आणखी वाढला. इथे नळाला रोज पाणी कुठलं! आठ-आठ दिवसांनी यायचं. गल्लीच्या तोंडाला कुणीतरी कानडीत ओरडायचं, "नीर बंतु! नीर बंतु!" पाणी आलं म्हटल्यावर बायका हातातलं काम टाकून नळाकडे पळायच्या. पिंपं, बादल्या, डबे, सगळे रांगेत उभे असायचे. पण दुर्गव्वा आधी मला चिंचेने घासायची, लखलखीत करायची आणि आधी मलाच भरायची. उन्हाळ्यात माठ यायचा, तेव्हा दोन महिने माझ्या पोटात दुखायचं. माठ फुटला की मी झोपेतही हसायचे.

मग घरात सून आली, गौतमी. ती शाळेत शिकवायची. दुर्गव्वाचा मुलगा प्रशिक बस डेपोत मेकॅनिक होता. त्यांना मुलगी झाली, आरुषी. आणि तिच्या पहिल्या वाढदिवसाला प्रशिकने पाणी शुद्ध करणारी मशीन आणून भिंतीवर टांगली.

मित्रांनो, ती माझी सवतच! पांढरी शुभ्र, निळा दिवा लावून बसलेली. पाहुणे तिलाच बघायचे. मला दाराशी ठेवून माझ्यात वेल लावला. मातीने माझं पोट भरलं. आरुषीने चालायला शिकल्यावर पहिला पेला त्या मशीनखाली धरला, तेव्हा माझ्यावरचे हिरवट डाग आणखी गडद झाले असतील.

पण सवतीतही एक खोट होती. ती जेवढं पाणी द्यायची, त्याहून जास्त नळीतून सोडून द्यायची. दुर्गव्वा ते बघून कासावीस व्हायची.

"गौतमे, ही तुझी मशीन एक पेला देती नि दोन पेलं मोरीत सांडती. आठ दिसांनी येतंय पाणी. खेळ हाय का?"

"आत्या, ते पाणी बादलीत धरायचं, भांड्याला वापरायचं." गौतमी सासूला आत्या म्हणायची.

"धरती कोण? तू शाळेत, मी गुडघे धरून. त्यापरीस माझी तांब्याची बरी. तांब्यातलं पाणी औषध असतंय, आता मोठी मोठी माणसं पण तेच म्हणत्यात."

एका उन्हाळ्यात पाणी तब्बल बारा दिवस आलं नाही. त्यानंतर मात्र प्रशिकने मशीन बंद केली. तिच्यावर टॉवेल टाकला. माझ्यातला वेल उपटला गेला. त्या दिवशी मला राज्याभिषेक झाल्यासारखं वाटलं.

मला पुन्हा कामावर घेण्याआधी दुर्गव्वाने एक हौस केली. "हिला तोटी बसवायची," ती म्हणाली. "घरात येईल त्यानं आपल्या हातानं फिरवावी, आपल्या हातानं प्यावं. आमच्या आप्पांना ते मिळालं न्हाई." ती मला रिक्षात मांडीवर घेऊन जुन्या बाजारात सटवाजीकडे गेली. सटवाजी भांडी दुरुस्त करायचा. त्याने माझ्या पोटाला भोक पाडलं, तोटी बसवली आणि सांधा झाळायला घेतला.

"अक्का, कथील महाग झालंय. शिसं घालून पक्कं करून देतो. नातीच्या लग्नापर्यंत थेंब गळायचा न्हाई."

"गळला तर लग्नात तुलाच पाणी वाढायला उभा करीन बघ," दुर्गव्वा म्हणाली. दोघंही हसली. त्यात कुणाच्या मनात कपट नव्हतं. दोघांनाही ठाऊक नव्हतं, एवढंच.

त्यानंतर रोज सकाळी दुर्गव्वा आरुषीला उठवून माझ्याकडे आणायची. रात्रभर मुरलेलं शिळं पाणी गुणकारी, म्हणून पहिला पेला नातीचा. इवलासा हात माझी तोटी फिरवायचा. मी टॉवेलखालच्या सवतीकडे बघायचे आणि म्हणायचे, बघ, लेकरू कुणाचं आहे ते!

वर्षभरात लेकरू बदललं. आरुषीचं पोट दुखायचं. भाकरी बघितली की तोंड फिरवायची. उगाच चिडायची, हातातली पाटी फेकायची. काल पाठ झालेलं गाणं तिला आज आठवेना. गौतमी घाबरली. माझंच पाणी ती खळखळा उकळून तिला देऊ लागली. तरी फरक पडेना.

"दोन वर्षं त्या मशीनचं पाणी पाजलंस ना? त्याचंच हे," दुर्गव्वा एकदा फणकाऱ्याने म्हणाली.

गौतमी पाणी उकळत ठेवायला वळली. तिचे डोळे भरले होते. आणि मी? मला गुदगुल्या झाल्या. सवतीवर आळ आला होता, मला आणखी काय हवं होतं?

गल्लीतच राहणाऱ्या डॉक्टर वेदश्रींनी आरुषीचं रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. रविवारी त्या स्वतः घरी आल्या. शिसं कुठून आलं ते शोधत त्यांनी भिंतीचा रंग पाहिला, खेळणी पाहिली, काजळाची डबी उघडून पाहिली. मग माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. तोटीच्या सांध्यावर त्यांनी किल्लीने ओरखडा काढला. आतून मऊ, चकचकीत राखाडी धातू दिसला.

"आज्जी, ही झाळ कशाची?"

"शिशाची," दुर्गव्वा अभिमानाने म्हणाली. "लई पक्की हाय."

डॉक्टरांनी किल्ली खाली ठेवली. मग त्यांनी समजावलं. शिसं म्हणजे विष, लहान मुलांच्या पोटाला नि मेंदूला बाधणारं; पाण्यात त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी सांध्यापाशी तासन्‌तास थांबलं की ते त्यात उतरतं. सकाळच्या पहिल्या पेल्यात सगळ्यात जास्त.

"पण मी उकळून देत होते," गौतमी म्हणाली.

"उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी आटतं, तसं ते उलट दाट होतं."

तरी खात्रीसाठी त्यांनी दोन बाटल्या तपासायला नेल्या. नळाच्या पाण्यात शिसं नव्हतं. माझ्या पहिल्या पेल्यात होतं, भरपूर.

ते ऐकून दुर्गव्वा भिंतीला टेकून खाली बसली. "म्हणजे मीच पाजलं व्हय? माझ्या हातानं?"

गौतमीला आता हवं ते बोलता आलं असतं. मी वाटच बघत होते. पण ती आत गेली, मशीनवरचा टॉवेल काढला, ती पुन्हा चालू केली, पेला भरला आणि सासूच्या हातात दिला. "आत्या, आधी पाणी प्या. लेकराला बरं करायचंय आपल्याला."

दुर्गव्वा सवतीचं पाणी घटाघटा प्यायली. मित्रांनो, माझी लाही लाही झाली. पण त्या जळण्यात पहिल्यांदाच लाजही मिसळली होती.

आरुषीला आता पालेभाजी, दूध, वेळेवर जेवण. दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी. आकडा उतरतो आहे. पण डॉक्टर म्हणाल्या, जे विसरलं ते सगळं परत येईलच असं सांगता येत नाही. त्या दिवसापासून दुर्गव्वा मला घासत नाही. फेकतही नाही. सत्याप्पांनी दिलेली ना मी!

परवा कुणी बघत नसताना आरुषी आली आणि तिने माझी तोटी फिरवली. एक थेंबही आला नाही. ती रुसून मशीनकडे गेली. मी जळले. पण रिकामी होते, याचं मला जन्मात प्रथमच बरं वाटलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरी पाण्याचं जुनं भांडं असेल, जुनी तोटी किंवा जुना नळ असेल, तर त्याचा सांधा कशाने जोडलाय ते मोठ्यांना विचारायला लावा. रात्रभर थांबलेलं पहिलं पाणी प्यायला घेऊ नका, ते झाडांना घाला. शंका आली तर पाणी तपासून घ्या, लहानग्यांचं रक्त तपासून घ्या. आणि तुमच्याही घरची घागर कुणा आप्पांची आठवण असेल, तर तिला जपा, पुसा, तिच्याशी बोला, पण तिच्यातलं पिऊ नका. ती रुसेल, फुगेल, माझ्यासारखी जळेल.

जळू द्या तिला.